पूर्ण पेहरावातील स्त्रिया

रॉबर्ट व्हेन रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनी सिद्ध केलेला मध्यप्रांतातील जातिजमातींचा चार खंडांचा ग्रंथ लंडनच्या मॅकमिलन मंडळीने १९१६ साली प्रसिद्ध केला. त्याच्या तिसऱ्या खंडात कोरकू जमातीचे प्रकरण असून त्याला छायाचित्रेही जोडली आहेत. एका चित्राखाली ‘मेळघाटच्या डोंगरांतील कोरकू’ आणि दुसऱ्याखाली ‘पूर्ण पेहरावातील कोरकू स्त्रिया’ एवढाच मजकूर आहे. जमातीची कुळे कोणती, विवाहाचे विधी कसे होतात, मृताला निरोप कसा दिला जातो, हे सारे ज्या ग्रंथात इतक्या परिश्रमाने नोंदले आहे, त्याच ग्रंथात चित्रासाठी उभ्या राहिलेल्या त्या स्त्रियांपैकी एकीचेही नाव नाही. रसेल हे सनदी नोकर होते आणि १९०१ ची मध्यप्रांताची खानेसुमारी त्यांच्याच देखरेखीखाली पार पडली होती. निजामाकडून कायमच्या पट्ट्याने घेतलेला वऱ्हाड १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला, आणि त्यायोगे मेळघाटची रयतही त्यांच्या दप्तराच्या कक्षेत आली. त्यांच्या व्यासंगाविषयी आणि हिरालालांच्या विद्वत्तेविषयी मनात आदरच आहे. तथापि माणसाचा पेहराव पूर्ण असावा आणि नाव मात्र नसावे, ही गोष्ट साधी नव्हे. तिच्यामागे चित्रे काढण्याची आणि चित्रे पाहण्याची एक संपूर्ण परंपरा उभी आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी, एलिचपूरच्या लष्करी छावणीच्या आधाराने वाढलेल्या परतवाड्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला कोरकू माणूस पुस्तकात शोधावा लागत नाही. चिखलदरा आणि धारणीकडून येणाऱ्या गाड्या येथेच रिकाम्या होतात, मेळघाटचे सागवान येथल्याच लाकूड आगारात लिलावाला लागते, आणि बाजारच्या दिवशी तेल, मीठ, कापड आणि औषधपाणी यांसाठी डोंगर उतरून आलेली मंडळी दुकानदाराशी वऱ्हाडी-हिंदीत घासाघीस करतात व लगेच मान वळवून आपसांत कोरकूत बोलतात. ती भाषा मुंडा कुळातली, संथाळी आणि मुंडारी यांची भगिनी, आणि त्या कुळाची पश्चिमेकडची अखेरची चौकी. एवढे सगळे डोळ्यांसमोर असताना बाहेरच्या जगाला कोरकू ठाऊक आहे तो मात्र दोनच चित्रांतून: सरकारी समारंभात पाहुण्यांपुढे गादली-सुसून नाचणारा, किंवा १९९३ पासून वृत्तपत्रांत सतत छापले गेलेले, बरगड्या मोजता याव्यात असे कुपोषित मूल. दोन्ही चित्रे खोटी नाहीत. मूल खरोखरच मरत होते आणि ते छापले गेले म्हणूनच सरकारदरबारी हालचाल झाली, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. पण नाचणारा आणि मरणारा यांच्या मध्ये जो शेत नांगरतो, कर्ज फेडतो, मुलाला आश्रमशाळेत घालतो आणि फगव्याच्या दिवसांत वाट अडवून हक्काने पैसे मागतो, तो माणूस या दोन चित्रांत कोठेच बसत नाही.

अशा ठरीव चित्रांचा कारखाना आपल्याकडे नेमका केव्हा उघडला, हे बऱ्यापैकी सांगता येते. १८६३ आणि १८६६ साली विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईतील निरनिराळ्या जातींचे आणि तेथे येणाऱ्याजाणाऱ्या लोकांचे दोन सचित्र खंड प्रसिद्ध केले. त्यांतील चित्रे नीट न्याहाळली म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. माणसे उभी आहेत ती चित्रशाळेत, तेथल्याच प्रकाशात. आणि त्यांच्या पाठीमागचे देऊळ, समुद्रकिनारा किंवा बाजार हा निराळ्याच वेळी टिपलेल्या छायाचित्रातून आणून त्यांच्याशी जोडलेला आहे. त्यामुळे पायांखालच्या जमिनीवर सावली पडायला हवी तशी पडत नाही, आणि आकृती कडेने कातरून चिकटवल्यासारखी दिसते. जातीला साजेशी पार्श्वभूमी, पार्श्वभूमीला साजेसा माणूस! पुढे १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंडांचा छायाचित्रसंग्रह सरकारी आश्रयाखाली निघाला. १८५७ च्या उठावाने हादरलेल्या राज्यकर्त्यांना आपली प्रजा कोण आहे हे जाणून घेण्याची निकड वाटू लागली होती, आणि म्हणून त्या संग्रहातील वर्णनांत अमुक जमात राजनिष्ठ, अमुक कलहप्रिय, अमुक गुन्हेगारी वृत्तीची, असे शेरेही आढळतात. जमाबंदीच्या कागदात जमिनीची प्रतवारी करावी, त्याच हाताने येथे माणसांची प्रतवारी झाली.

या परंपरेत एका मराठी चित्रकाराचा हात सर्वाधिक कुशलतेने चालला, आणि या प्रकरणाचा खरा विषय तोच आहे. महादेव विश्वनाथ धुरंधर हे १८६७ साली कोल्हापुरात जन्मले, १८९० मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले, तेथेच शिक्षक झाले, आणि १९३१ मध्ये सेवानिवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांच्या आत्मवृत्ताचे नाव या कालखंडाचा नेमका हिशेब सांगते. १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. पौराणिक प्रसंग, शिवचरित्रातील दृश्ये, जाहिराती, मासिकांची मुखपृष्ठे, पोस्टकार्डे, दिल्लीच्या सचिवालयातील भित्तिचित्रे, असा कोणताही प्रकार त्यांनी वर्ज्य मानला नाही. मराठी घरांत शंभर वर्षांपूर्वी ज्या तसबिरी भिंतीवर लागल्या त्यांत रविवर्म्याच्या खालोखाल धुरंधरांचाच वाटा होता, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

आणि याच धुरंधरांकडे साहेबलोकही ‘नमुने’ मागत आले. मुंबईचे पोलीस कमिशनर एस. एम. एडवर्ड्स यांच्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ या पुस्तकासाठी १९१२ मध्ये त्यांनी चित्रे काढली; न्यायखात्यातील सी. ए. किंकेड यांच्या दख्खनी कहाण्यांसाठी १९१४ मध्ये काढली. आणि ऑटो रॉथफेल्ड या सनदी अधिकाऱ्याच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या ग्रंथासाठी तर हिंदुस्थानातील नाना जातींच्या आणि प्रांतांच्या स्त्रियांची अठ्ठेचाळीस रंगीत चित्रे सिद्ध केली. पोलीस, न्याय आणि मुलकी कारभार या तीन खात्यांची माणसे एकाच चित्रकाराच्या दारात यावीत, हा योगायोग म्हणता येईल. पण ज्याला लोकांवर अंमल चालवायचा असतो त्याला लोकांचे चित्र हवेसे वाटते, हे त्या योगायोगातून सहज उघड होते. रॉथफेल्डच्या ग्रंथाची रचनाच पाहावी. उमराव घराण्यांतील स्त्रिया, मध्यमवर्गातील स्त्रिया, श्रमजीवी आणि आदिवासी वर्गातील स्त्रिया, नर्तकी, अशी प्रकरणे एकाखाली एक येतात, आणि प्रत्येक स्त्री आपल्या ठरलेल्या पायरीवर जाऊन उभी राहते.

धुरंधरांचे या चित्रांतील कौशल्य कशात आहे, हे जवळून पाहिल्याशिवाय त्यांचा न्याय होणार नाही. जलरंगातली एकेक स्त्री पूर्णाकृती उभी किंवा चालती असते, मागे घाटाची पायरी किंवा भिंतीचा तुकडा दोनचार फटकाऱ्यांत सुचवलेला असतो, आणि सारे लक्ष वस्त्रावर केंद्रित झालेले असते. लुगड्याचा कासोटा कोणी कोठवर ओढून खोचला, पदर उजव्या खांद्यावर की डाव्या, निऱ्या पायघोळ की कामाच्या सोयीसाठी गुडघ्याशी वर आवळलेल्या, हे त्यांना जसे उमगले तसे त्यांच्यापूर्वीच्या कोणा परदेशी चित्रकाराला उमगले नव्हते. कारण परदेशी चित्रकार वस्त्र पाहत होता आणि धुरंधर वस्त्र नेसण्याची कृती पाहत होते. कोळीण, भाजीवाली, देवळाला निघालेली ब्राह्मणी या त्यांनी लहानपणापासून पाहिलेल्या बाया होत्या. म्हणूनच त्या चित्रांतल्या अंगयष्टीला वजन आहे, चालीला लय आहे, आणि जॉन्सनच्या आकृतींचा चिकटवलेपणा येथे औषधालाही सापडत नाही.

तरीही त्या अठ्ठेचाळीस जणींपैकी एकीही मागे वळून आपल्याशी बोलत नाही. प्रत्येकीचे सौंदर्य मान्य केलेले आहे, पण त्या सौंदर्याखाली जातीचे नाव लिहिलेले आहे, आणि ते एकदा लिहिले की तिच्या चेहऱ्यावरचा भाव हा तिचा स्वतःचा न राहता जातीचा होऊन बसतो. मला वाटते, धुरंधरांना स्वतःलाही हा संकोच कोठे तरी जाणवत असावा; कारण मागणीबाहेर जाऊन ते जेव्हा गर्दी काढतात, लग्नाचा मांडव, जत्रा, रस्त्यातली वर्दळ, तेव्हा तेच कोळी, तेच पठाण, त्याच बाया एकदम जिवंत होतात. गर्दीत माणूस एकमेकांकडे पाहतो, धक्का देतो, हसतो, मुलाला ओढतो. तेथे त्याला नमुना होऊन उभे राहायला सवड नसते. ज्या चित्रकाराला हे दोन्ही साधले त्याला केवळ साहेबांचा चाकर ठरवणे अन्यायाचे आहे, आणि त्याच्या ‘नमुन्यां’कडे निव्वळ कौतुकाने पाहणे हाही आळस आहे.

आता आपण पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, कॅरिबियन समुद्रातील बेटांकडे वळू; कारण तेथील चित्रकारांनी या प्रश्नाशी जी झुंज घेतली आहे तिच्याइतकी दीर्घ झुंज मला अन्यत्र आढळलेली नाही. मराठी वाचकाला ती बेटे क्रिकेटमुळे ठाऊक आहेत. रामाधीन आणि कन्हाय ही नावे ऐकून आपल्या आजोबांना नवल वाटले होते, आणि त्या नावांच्या मागे उसाच्या मळ्यांचा इतिहास आहे हे पुष्कळांना पुढे कळले. गुलामगिरी संपल्यावर मळेवाल्यांना मजूर हवे होते. ‘फतेल रझाक’ हे जहाज ३० मे १८४५ रोजी हिंदी गिरमिट्यांची पहिली तुकडी घेऊन त्रिनिदादला लागले, आणि १९१७ पर्यंत त्या एका बेटावर सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार हिंदी माणसे उतरली. बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांताकडची, कलकत्त्याहून गेलेली. आपल्या कोकणातले गिरमिटे मॉरिशसला गेले. ऊस तोच, कराराचा कागदही त्याच धर्तीचा.

त्या बेटांवरची ‘नमुना’चित्रे आपल्याहून जुनी आहेत. अगोस्तिनो ब्रुनियास हा रोमचा चित्रकार अठराव्या शतकात एका इंग्रज अधिकाऱ्याबरोबर डॉमिनिकाला आला आणि तेथील कापडबाजार, नाच, नटलेल्या मिश्रवर्णी स्त्रिया यांची अत्यंत देखणी चित्रे काढीत राहिला. ज्या उसाच्या श्रमावर ती सारी वसाहत उभी होती तो श्रम मात्र त्या चित्रांत क्वचितच डोकावतो. त्यानंतर जमैकात आयझॅक मेंडेस बेलिसारिओ याने १८३७-३८ मध्ये कृष्णवर्णी जनतेच्या चालीरीती, व्यवसाय आणि पोशाख दाखवणारी बारा रंगीत शिळामुद्रिते काढली. नाताळच्या सणातील सोंगे, डोक्यावर घराची प्रतिकृती घेऊन नाचणारा जॉन कनू, मुखवटा आणि झालरींचा पायघोळ वेष घालून स्पर्धेला उतरणारा ‘ॲक्टर बॉय’, दूधवाली, धुराडी साफ करणारा, अशी ती मालिका आहे. ज्या वर्षी ती पुरी होत होती त्याच वर्षी, १ ऑगस्ट १८३८ रोजी, जमैकातील गुलाम पूर्णतः मुक्त झाले. मालक आपल्या हातून निसटू पाहणाऱ्या माणसांची चित्रे वर्गणी भरून विकत घेत होते; आणि आज मात्र तीच चित्रे जमैकन लोकांना आपल्या पूर्वजांच्या सोंगांचा प्रत्यक्ष पुरावा म्हणून मोलाची वाटतात. ठरीव चित्रसुद्धा वारसांच्या हाती पडले की दस्तऐवज होते, ही गोष्ट धुरंधरांच्या बाबतीतही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्रिनिदादमध्ये, पोर्ट ऑफ स्पेन येथे, फेलिक्स मोरँ या फ्रेंच छायाचित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरमिट्या स्त्रियांची छायाचित्रे काढून विकली. गळ्यात नाण्यांच्या माळा, नाकात नथ, मनगटापासून कोपरापर्यंत चांदीच्या बांगड्या, आणि खाली ‘कूली बेल’ अशासारखे शब्द. रसेलच्या ग्रंथातील कोरकू स्त्रियांचे चित्र त्या चित्रांशेजारी ठेवले तर एकाच हुकमाने दोन्हीकडच्या बाया उभ्या केल्या असाव्यात असे वाटते. दोन्हीकडे छायाचित्रकाराला दागिना हवा आहे. पण त्रिनिदादच्या बाईच्या अंगावरची चांदी म्हणजे तिची मजुरी होती. मिळालेली नाणी सोनाराकडून आटवून तिने ती अंगावर बाळगली, कारण मळ्याच्या बराकीत दुसरी सुरक्षित जागा नव्हती. बघणाऱ्याला जो शृंगार दिसत होता तो वास्तविक तिचा जमाखर्च होता.

या मोरँच्या छायाचित्रांवरच आज एक त्रिनिदादकन्या काम करीत आहे. रेणलुका महाराज हिचा जन्म त्रिनिदादचा, कर्मभूमी अमेरिका. संग्रहालयांत पडून असलेली ती जुनी छायाचित्रे मोठ्या आकारात पुन्हा मुद्रित करून ती त्यांवर रंग, चमक, फुलापानांची नक्षी चढवते. आणि करड्या, थकलेल्या छायाचित्रातून ती बाई आपल्या घरच्या समारंभात बसावी तशी पुढे येते. मूळ चित्र पुसलेले नसते, हे येथे महत्त्वाचे. बाईची नजर जशीच्या तशी राहते. बदलतो तो तिच्याभोवतीचा ऐवज, आणि तो ऐवज ठरवणारी व्यक्ती आता तिच्याच वंशातली असते.

गयानात वाढलेल्या ह्यू लॉक याची रीत याहून निराळी आणि माझ्या मते अधिक धाडसी आहे. लंडनच्या टेट ब्रिटन कलासंग्रहालयाच्या मध्यवर्ती दालनात त्याने २०२२ साली ‘द प्रोसेशन’ या नावाने सुमारे दीडशे मनुष्याकृतींची मिरवणूक उभी केली. हे संग्रहालय साखरेच्या व्यापारात गबर झालेल्या हेन्री टेट यांच्या देणगीतून उभे राहिले आहे, ही गोष्ट मनात ठेवून ती मिरवणूक पाहावी. दुरून दिसतो तो कॅरिबियन कार्निव्हल: मुखवटे, निशाणे, ढोल, भडक झगे, घोडे, कडेवरची मुले. बेटांवरचे लोक म्हणजे नाचणारे लोक, हाच जो प्रवाशांच्या जाहिरातींनी रूढ केलेला समज, तो येथे प्रेक्षकाला आधी पोटभर दिला जातो. मग जवळ गेल्यावर झग्यांवरचे छाप वाचता येतात. ते वसाहतकाळातल्या कंपन्यांच्या जुन्या भागपत्रांचे आहेत. निशाणांवर गयानातील मोडकळलेली, समुद्राच्या पाण्याने कुजत चाललेली लाकडी घरे आहेत. उत्सव आणि जप्तीचा कागद एकाच कापडावर छापलेले! लॉकने ठरीव प्रतिमेला नकार दिला नाही. तो तिच्या आत शिरला आणि तिची किंमत कोणी वसूल केली याचा हिशेब तिच्याच अंगावर लिहून आला.

विदर्भात या तऱ्हेचे धैर्य दाखवणारा चित्रकार म्हणून मी नागपूरच्या सवी सावरकरांचे नाव घेईन. १९६१ साली जन्मलेले, नागपूर आणि बडोदे येथे शिकलेले, दिल्लीच्या कला महाविद्यालयात अध्यापन केलेले सावरकर यांनी गळ्यात मडके आणि पाठीला झाडू बांधलेला अस्पृश्य, देवदासी, अशा आकृती मुद्राचित्रांतून आणि तैलरंगांतून वारंवार काढल्या. ज्या वर्गाच्या स्त्रिया रॉथफेल्डच्या ग्रंथात ‘श्रमजीवी’ प्रकरणात सुबकपणे उभ्या आहेत, त्याच वर्गाची माणसे येथे जाड, फाटक्या, काळ्या रेषांत येतात; हात प्रमाणाबाहेर मोठे, डोळे रोखलेले. त्या चित्रांपुढे उभे राहून पेहरावाची तारीफ करणे अशक्य होते. धुरंधरांच्या रेषेत जे लाघव आहे त्याची अपेक्षा येथे करू नये. ते लाघव जाणूनबुजून टाकून दिलेले आहे, आणि टाकून दिल्यानेच चित्र बोलते.

राहिला प्रश्न कोरकूंचा. त्यांच्यातून अशा प्रकारचा चित्रकार पुढे येईल तेव्हा येवो. पण आपले चित्र आपण काढण्याची रीत त्यांच्याकडे पूर्वापार आहे, आणि तिची नोंद करण्याचे श्रेय पुन्हा रसेल-हिरालालांनाच द्यावे लागते. मृताच्या नावाने सिडोलीचा विधी होतो तेव्हा मुंडा, म्हणजे कोरलेला लाकडी स्मृतिस्तंभ, गावाजवळच्या झाडाखाली रोवतात. त्यावर सूर्य आणि चंद्र असतात, जाळे विणणारा एक कोळी किडा कोरलेला असतो, एक मानवी कान असतो, आणि खाली हातात शस्त्र घेतलेला घोडेस्वार. हा स्वार म्हणजे ज्याच्यासाठी मुंडा उभा केला तो गृहस्थ.

हाही एक ठरीव साचाच आहे, हे कबूल करावे लागेल. डोंगरउतारावर कोदो-कुटकी पेरून आयुष्य काढलेला, घोड्याच्या वाटेला कधी न गेलेला म्हातारासुद्धा मुंड्यावर स्वार होऊनच जातो. त्याच्या नाकाडोळ्यांशी त्या आकृतीचे काही साम्य नसते. पण हा साचा कोणत्या कचेरीने पाठवलेला नाही. कोरणाऱ्याला कुटुंबाने सांगितलेले असते की हे अमक्यासाठी, आणि मुंड्यापुढे बसणाऱ्या प्रत्येकाला तो अमका कोण हे ठाऊक असते. एकाच मुंड्यावर घरातील आणखी कोणाची आठवण करायची असली तर पहिल्या स्वाराखाली तितक्या आकृती आणखी कोरतात. जितकी माणसे तितक्या आकृती, एकीत दोघांना सामावून घेत नाहीत.